तिसरा व्हॉल्व्ह

सहा लाख चाळीस हजार डॉलर.
बागेतल्या पाटीवर हा आकडा नाही. पाटीवर फक्त
'पावसाचं पाणी इथे मुरतं'
आणि खाली एक निळा थेंब, पोरांनी काढल्यासारखा.

मी आकडा वाचला कोर्टाच्या कागदात.
पान चौदा : कंपनी काहीही कबूल करत नाही.
पान पंधरा : कंपनी पैसे देईल,
ते सरकारजमा न होता
याच नाल्याच्या काठावर खर्च होतील.
दोन्ही पानांवर एकच सही,
छान वळणदार.

टॅकोमाच्या दक्षिणेला, रुळांपलीकडे,
लोखंडावर जस्त चढवायचा आमचा कारखाना.
एकवीस वर्षं रात्रपाळी.
मोठा पाऊस लागला की सुपरवायझर
नुसता खिडकीकडे बघायचा.
मी उठून मागे जायचो.
तिसरा व्हॉल्व्ह, लाल चाक,
साडेतीन आटे डावीकडे.
बाकीचं पाऊस झाकून टाकायचा. तो आमचा
बिनपगारी भागीदार.

नोव्हेंबरात कोहो मासे समुद्रातून परत यायचे
अंडी घालायला,
आणि अंडी पोटातच ठेवून
गवताच्या कडेला उलटे पडायचे, तोंड उघडं.
मी म्हणायचो, मोटारींच्या टायरांनी होतं हे.
टायरांनीही होतच होतं.
तेवढ्यावर मला झोप लागायची.

सोखान्या प्रुम नाल्याकाठी भाड्याने राहायची.
फिश सॉसच्या बाटल्यांत पाणी भरायची.
पहिल्या बाटल्या प्रयोगशाळेने परत केल्या :
मासळीचा वास येतो.
मग तिने पुढच्या सगळ्या उकळून घेतल्या.
बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, वेळ,
ख्मेर आकड्यांत. वकिलांनी नंतर
भाषांतराचे वेगळे पैसे लावले.
दोनशे बारा बाटल्या
तळघराच्या जिन्यावर, जाता-येता पाय लागेल अशा.

गावात म्हणायचे, कुठेतरी पाणी मुरतंय.
मुरत कुठे होतं?
सगळीकडे डांबर, सगळीकडे काँक्रीट,
पाण्याला थांबायला वीतभर जागा नाही,
सरळ पळत सुटायचं
आमचं ओझं घेऊन.

शनिवारी बागेत माणसं हवी होती.
मी यादीत नुसतं आडनाव लिहिलं : ऑस्टबी.
खोलगट खड्डा, तळाला खडी,
वर अठरा इंच रेती आणि खतमाती,
त्यात लव्हाळे लावायचे.
पार्किंगचं पाणी इथे येईल, थांबेल,
गाळ टाकून खाली जाईल.
दंड कंपनीला झाला.
दुखतायत ते माझे दंड.

शेजारी गुडघे टेकून एक बाई. ती तीच.
"मुळं आधी मोकळी करा," म्हणाली,
"थोडी तुटतात. चालतं."
मग, "इथलेच का?"
"जवळच कामाला होतो."
"कुठे?"
मी लव्हाळ्याची मुळं मोकळी करत राहिलो.
गरजेपेक्षा जास्तच तुटली.
"मागच्या अंगणात," म्हणालो. "व्हॉल्व्हवर."

तिने खुरपं खाली ठेवलं नाही.
"अडीच," ती म्हणाली.
"अडीच वाजायचे दर वेळी.
मी सव्वादोनचा गजर लावून उठायचे."

म्हणजे इतकी वर्षं, त्याच पावसात, त्याच वेळी
आम्ही दोघंच जागे होतो
एका नळीच्या दोन टोकांना.

मी काहीतरी बोलणार होतो. शब्द
तयारही केले होते, गाडीतच.
तिने रोपांचा ट्रे माझ्याकडे सरकवला.
"अजून चाळीस आहेत."

दुपारी पाऊस आला. लोक तंबूत पळाले, कॉफीकडे.
पार्किंगचं पाणी कडेच्या फटीतून आत शिरलं,
तेलाचे रंग घेऊन,
खड्ड्यात गोल फिरलं
आणि हळूहळू बसत गेलं.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

सोखान्या टाळ्या वाजवत नव्हती.
ती खालच्या बाजूला, पाणी बाहेर पडतं त्या नळीपाशी
उकिडवी बसली होती.
घड्याळ बघितलं. कोटाच्या खिशातून
एक रिकामी बाटली काढली.

मी चिकटपट्टी धरून उभा राहिलो.
तिने सांगितलं नव्हतं.